झाडीपट्टीत गाता, पण करार वाचता का?

दिवाळी झाली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावांत मंडई भरते, शंकरपट होतात आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर वडसा लागतं. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे. गावचं मंडळ नाटक ठरवतं, इसार देतं आणि तिकिटं विकून पैसे उभे करतं. गायक, ऑर्गनवाला, तबलजी यांचा हिशेब नाइटवर.

म्हणजे गोंदियात गाणं शिकणाऱ्यांसाठी 'म्युझिक इंडस्ट्री' दारातच आहे. क्लासमध्ये मात्र राग-ताल पक्के होतात आणि पैशांचा विषय निघाला की सगळेच संकोचतात.

आधी साधा हिशेब. समजा, नाइटचे १,५०० रुपये आणि सीझनमध्ये ९० नाइट. झाले १,३५,०००. ऐकायला बरं वाटतं! पण होळीच्या सुमारास सीझन ओसरतो. १२ महिन्यांत वाटले तर महिन्याला ११,२५०. त्यातूनच प्रवास आणि वाद्याची दुरुस्ती. म्हणून उन्हाळ्यात लग्नं आणि पावसाळ्यात शिकवणी, हे आधीच ठरवावं लागतं.

खरी फसगत यूट्यूबवर होते. एखादा चॅनलवाला एकरकमी पैसे देतो, गाणं गाजतं, पुढचं उत्पन्न त्याचं. इथे एक गोष्ट माहीत हवी. गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात, गायकाचा हक्क आणखी वेगळा. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराने हक्क विकले तरी रॉयल्टीतला समान वाटा त्याचाच राहतो. 'रॉयल्टी सोडली' असं लिहून घेतलं तरी ते कायद्यात टिकत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' १९६९ पासून आहे, पण सभासद व्हावं लागतं. गायकांसाठी वेगळी संस्था आहे.

कॉपीराइट तोंडी विकला जात नाही, लेखी करार आणि सही लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर तो ५ वर्षांचाच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. त्यामुळे 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा आणि आधी रक्कम वाढवून मागा.