आधी हात, मग पान
यवतमाळात तबला शिकणाऱ्या मुलाकडे आज साहित्याची वानवा नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा अभ्यासक्रम आहे, अरविंद मुळगावकरांचं 'तबला' आहे, क्लासच्या वहीत उतरवून घेतलेले कायदे, म्हणजे विस्तार करायच्या ठरीव बोलरचना, आहेत. शिवाय फोनवर हवे तेवढे धडे. वही भरत जाते, पण हातातून मात्र दोन कायदेही धड निघत नाहीत. क्लासला बसून मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

साहित्याला कमी लेखायचं नाही. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी घराण्यांत राखून ठेवलेल्या बंदिशी उस्तादांकडून मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सर्वांसमोर ठेवल्या. त्याआधी एखादी चीज मिळावी म्हणून शिष्य वर्षानुवर्षं थांबत. मुळगावकर स्वतः उस्ताद अमीर हुसेन खाँ यांचे शिष्य. त्यांचं पुस्तक त्या तालमीनंतर आलं. आपण मात्र सुरुवातच पुस्तकापासून करतो.

आमचे सर नव्या मुलाला एकच कायदा देतात. तीनतालातला, दिल्ली बाजाचा: धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धी ना. सोळा मात्रा. आधी हातानं टाळी-खाली दाखवत तोंडानं पढंत. मग तबला लावायचा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात आमच्याकडे चामडं ताणतं आणि तबला चढतो, पावसाळ्यात उतरतो. म्हणून हातोडी जवळच असते. गजऱ्यावर हलके ठोके देत चारी बाजूंनी सूर जुळला की मगच बोटं पडतात.

सगळी गोम 'तिट'मध्ये आहे. 'ति' मधल्या बोटाचा, 'ट' तर्जनीचा, दोन्ही शाईवर. तर्जनी मुळातच जोरकस, त्यामुळे 'ट' वर येतो आणि 'ति' दबतो. बरोबरीत हे कानाला खटकतही नाही. चौगुनीत मात्र 'ति' नाहीसाच होतो. म्हणून पूर्ण कायदा बाजूला ठेवून नुसतं 'तिट तिट', लय इतकी संथ की मुलगा कंटाळतो. दोन्ही अक्षरं सारख्या वजनाची झाली की पुन्हा कायद्यात. मग डग्गा. 'ता ता ति ट'ला तो गप्प राहायला हवा आणि 'धा धा धी ना'ला परत यायला हवा. डावा हात सवयीनं खालीतही घुमतो, हे वाजवणाऱ्याला कळत नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकलं की लगेच कळतं. माझ्या मते फोनचा सर्वांत चांगला उपयोग हाच, आणि दुसरा लहऱ्याचा, म्हणजे ताल धरून ठेवणाऱ्या फिरत्या धुनेचा.

एखादा मुलगा पुढचा कायदा मागतो तेव्हा सर वऱ्हाडीत म्हणतात, "पुस्तक कुठी पळून चाललं काय? हात बसू दे आधी."

बसलेला हात म्हणजे काय, ते इथल्या खेड्यांत ऐकायला मिळतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या भजनी मंडळांनी पुढे चालवली, तिथली पोरं वहीशिवाय शिकतात. प्रार्थना, भजन, तेच ठेके, पिढ्यान्‌पिढ्या. त्यांच्यातला एक जण आमच्या क्लासला आला. लय अशी पक्की की लहरा बंद केला तरी समेवर तो बरोबर येई. पण खाली कुठे पडते, हे त्याला सांगता येत नव्हतं. त्यानं पुस्तक उघडलं ते हा एकच प्रश्न घेऊन, आणि उत्तर त्याच दिवशी त्याच्या हातात आलं. वहीत खालीची व्याख्या कधीची लिहून ठेवलेल्या मुलांना खाली तेव्हाही वाजवता येत नव्हती.

त्याच्याकडे पाहून मी माझी बैठक बदलली. पढंत, 'तिट', कायदा, पलटे, तिहाई, मग ध्वनिमुद्रण ऐकणं. यात अडलेली एक जागा टिपून ठेवायची आणि शेवटी तेवढ्यापुरतंच पान उघडायचं. नवा धडा ऐकायचा तो वेगळ्या वेळी, तबला समोर नसताना. परीक्षेची अडचण मात्र खरी आहे. अभ्यासक्रमात कायदे-रेले ठरलेले असतात आणि तारीख जवळ आली की सगळेच थोडं थोडं सर्व काही वाजवू लागतात. अशा वेळी फॉर्म पुढच्या सत्राचा भरावा, असं मी पालकांना सांगते. काहींना ते पटतं. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा असतात, आणि मधल्या सहा महिन्यांत एक कायदा तिहाईपर्यंत नीट उभा राहतो.