सांध्यावरची पानं, तबलीवरचा संयम

मैफलीत गायकाच्या मागे मिरजेचा तंबोरा उभा असतो, तेव्हा नजर आधी जाते ती कोरलेल्या पानांवर, पांढऱ्या पट्टीवरच्या काळ्या वेलबुट्टीवर आणि दांडीच्या तांबूस झळाळीवर. ही नटवणूक शोभेसाठी असते, हे खरंच. पण मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं काम जवळून पाहिलं की लक्षात येतं, इथे सजावटीला जागा नेमून दिलेली आहे. नादाच्या आड येईल तिथे ती थांबते. चांगला तंबोरा आणि नुसता देखणा तंबोरा यांतला फरक या थांबण्यात असतो.

मिरजेत ही कारागिरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुजली. आद्य कारागीर म्हणून फरीदसाहेब सतारमेकर यांचं नाव घेतलं जातं. हे मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रं घडवणारे, त्यांना धार लावणारे. शस्त्रांचं काम आटलं आणि पटवर्धन संस्थानिकांच्या गानप्रेमामुळे मिरजेत येणाऱ्या गायक-वादकांची वाद्यं दुरुस्तीसाठी या हातांत येऊ लागली. कानस चालवणं, घासणं, झळाळी आणणं हे कसब पिढीजात होतंच, ते पोलादावरून लाकडावर आलं. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली त्यांचं निधन झालं. त्यांची कबर ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात आहे आणि तिथे उरुसात दरवर्षी संगीतसभा होते. बारीक कानाचे गिऱ्हाईक दाराशीच असल्यामुळे मिरजेच्या कारागिराला केवळ दिसण्यावर निभावून नेता आलं नाही.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातून. तो वाळवून, कापून, आतून साफ केला जातो. गळा, दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावरची तबली बहुधा तुणीच्या लाकडाची असते. हलकं, तांबूस आणि सहसा कीड न लागणारं हे लाकूड. हे भाग जोडले की वाद्याचा सांगाडा उभा राहतो, आणि सजावटीचं काम सुरू होतं ते नेमकं या जोडांवर.

भोपळा आणि गळा जिथे मिळतात, तिथे लाकडाची कोरीव पानं चिकटवतात. ती सांधा झाकतात आणि त्याला बळकटीही देतात. तबली भोपळ्यावर बसते त्या कडेने पांढरी पट्टी फिरते. ती जोड लपवते आणि कडेला ठेच लागू देत नाही. दांडीच्या दोन्ही कडांनीही अशीच किनार धावते. तबलीच्या मधल्या भागावर मात्र हात आखडता घेतात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीतून त्यांचं कंपन उतरतं ते याच पातळ फळीवर. तिच्यावर जाड नक्षी चढवली की तिचं वजन वाढतं, ती जड होते आणि आवाज दबतो. म्हणून एखादं छोटं फूल काढलं, तरी ते घोडीपासून दूर, कडेच्या बाजूला.

या पांढऱ्या किनारीचाही इतिहास आहे. पूर्वी तिथे हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार थांबला, तो थांबायलाच हवा होता. त्याची जागा सेल्युलॉइडने घेतली. गंमत म्हणजे बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधतानाच १८७० च्या सुमारास अमेरिकेत सेल्युलॉइडचा वापर पुढे आला. कापूर घालून बनवलेला हा पदार्थ उष्णतेने मऊ होतो आणि वक्र कडेवर सहज वळतो. पेटही तितक्याच सहज घेतो, त्यामुळे तो आगीपासून जपून हाताळावा लागतो. नक्षीची आखणी करायची, पटाशीने लाकडात खाचा पाडायच्या, त्यात तुकडे चिकटवायचे आणि कानस मारून पातळी एक करायची. मग टोकदार हत्याराने पट्टीवर बारीक रेघा कोरायच्या, त्यांत काळा रंग भरायचा आणि वरचा रंग पुसून काढायचा. रंग उरतो तो फक्त रेघांत. इथे हात घसरला तर रेघ मिटवता येत नाही.

त्यानंतर पॉलिश. लाकूड आधी खरवडून, मग पॉलिशकागदाने घासून गुळगुळीत करतात, हवा तो रंग देतात आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख कापडाच्या बोळ्याने चढवतात. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांची ही लाख. स्पिरिट उडून जातं, लाखेचा अतिपातळ थर मागे राहतो. असे कितीतरी हात मारावे लागतात आणि दोन हातांमध्ये वाळायला वेळ द्यावा लागतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा थरात अडकून पांढुरकी झाक येते, त्यामुळे कारागीर कोरड्या दिवसाची वाट पाहतो. यंत्राने फवारलेला जाड थर काही तासांत चकाकतो, पण लाकडाला जखडतो. लाखेचा आणखी एक गुण म्हणजे नव्या हातातलं स्पिरिट जुना थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. म्हणून पन्नास वर्षांच्या तंबोऱ्यावरचा ओरखडाही बुजवता येतो. याच कारणाने सॅनिटायझर लावलेला ओला हात तंबोऱ्याला कधी लावू नये. त्यातलं अल्कोहोल पॉलिश खातं.

शेवटचा संस्कार डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. तो म्हणजे जवारी. घोडीचा माथा कानशीने अगदी हलका उतरता करतात, तार त्यावर तिरकी टेकते, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. जवारी लागली की फक्त पंचम आणि षड्जात लावलेल्या तारांतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेवर निबंध लिहिला तो याच घोडीमुळे. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नये; या वाद्यांत तोही उमटतो, हे त्यांनी दाखवलं. कारागिराच्या कानशीने साधलेलं ते भौतिकशास्त्राला तपासावंसं वाटलं, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव सुरक्षित झालं. पण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने मागणी घटवली आहे, आणि लाखेचे हात मारत दिवस घालवणारं काम शिकायला तरुण सहज येत नाहीत. या कामाचा मोबदला वेळेच्या हिशेबाने मिळायला हवा. तंबोरा घेताना तबली जितकी मोकळी तितकी चांगली, हे ध्यानात ठेवा. सांधे निरखा, मग डोळे मिटून ऐका. किनार थोडी साधी असली तरी चालेल, पण पॉलिशच्या दिवसांत घासाघीस करू नका. आणि घरात आजोबांचा तंबोरा असेल तर तो फर्निचर चमकवणाऱ्याच्या हाती देऊ नका. मिरजेला पाठवा. तो पुन्हा बोलेल आणि तिथल्या एका घरातलं कसब पुढच्या पिढीत जायला तुमचाही हातभार लागेल.