बाळाची भाषा आणि घास : प्रतिसादी भरवणे

उद्दिष्टे
हा उपघटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
● बोलण्यापूर्वीच्या संप्रेषणाचे स्वरूप सांगता येईल.
● बाळाच्या भुकेच्या व तृप्तीच्या खुणा ओळखता येतील.
● या खुणा आणि बालवयातील स्थूलता यांचा संबंध स्पष्ट करता येईल.

१. प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, संप्रेषणासाठी शब्द असावेच लागतात असे नाही. बारामती-इंदापूरच्या वाडीवस्तीवर आई शेतात, दूध संकलन केंद्रावर किंवा औद्योगिक वसाहतीत कामाला गेली, की बाळाला पुष्कळदा आजी किंवा आत्या भरवते. त्या वेळी बाळ आणि आजी यांच्यात जे चालते, तो संवादच असतो. एका बाजूचे बोलणे ऐकलेच नाही, तर तो संवाद उरत नाही.

२. क्रियापदातील कर्ता
पुढील वाक्ये पाहा : (अ) बाळ खाते. (आ) आजी बाळाला भरवते. पहिल्या वाक्यात बाळ कर्ता आहे. दुसऱ्यात कर्तेपण आजीकडे गेले आणि बाळाला ‘-ला’ हा प्रत्यय लागला. ‘भरवणे’ हे क्रियापद ‘भरणे’शी नाते सांगते, आणि भांडे कधी भरले हे भरणारा ठरवतो. बाळाचे पोट मात्र भांडे नव्हे. ते भरल्याची जाण बाळालाच असते. ‘गुटगुटीत’, ‘बाळसे धरले’ या कौतुकाच्या शब्दांमुळेही ‘आणखी एक घास’ हा आग्रह बळावतो.

३. खुणांचे वाचन
भूक लागली की बाळ तोंड उघडते, मूठ चोखते, चमच्याकडे झुकते. रडणे ही भुकेची उशिरा दिसणारी खूण होय. शिवाय प्रत्येक रडणे भुकेचे नसते. पोट भरले की बाळ तोंड फिरवते, ओठ मिटते, चमचा ढकलते, खाण्याचा वेग कमी करते. या खुणा पाहून देणे व थांबणे म्हणजे प्रतिसादी भरवणे. मोबाइल दाखवून किंवा हात धरून भरवल्यास बाळाचे आपल्या तृप्तीकडे दुर्लक्ष होते. हे रोज घडत राहिले, की गरजेपेक्षा अधिक खाण्याची सवय लागू शकते.

४. पुणे जिल्ह्यातील संदर्भ
पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालकांची मोजमापे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी ताडून पाहिली. येथील बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तेथील सुमारे ३.५ किलो होते. तरीही येथील बालकांच्या शरीरात चरबी तुलनेने टिकून होती. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने वजनाने कमी, पण तुलनेने अधिक चरबीचे बाळ ही कल्पना जगापुढे ठेवली. म्हणून केवळ वजन झपाट्याने वाढवणे हे आरोग्याचे लक्षण मानता येत नाही.

याचा अर्थ कमी खाऊ घालावे, असा मुळीच नाही. कृश बाळालाही हीच पद्धत लागू पडते : संयमाने, बोलत, पुन्हा पुन्हा देणे, पण बळजबरी न करणे. पहिले ६ महिने केवळ स्तनपान, त्यानंतर पूरक आहार आणि २ वर्षांपर्यंत किंवा पुढेही स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. उसाच्या या पट्ट्यात साखर-गूळ घरात मुबलक असला, तरी पहिली २ वर्षे बाळाच्या खाण्यात तो वरून घालू नये. चहात बुडवलेल्या बिस्किटापेक्षा मऊ वरणभात, घोटलेली भाजी, अंडे किंवा कुस्करलेले केळे इष्ट.

५. सारांश
बाळाने काय व केव्हा खावे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावे हे बाळाला सांगू द्यावे. घरातील वडीलधाऱ्यांना हे पटवताना ‘तुमचे चुकते’ असे म्हणण्यापेक्षा ‘आजी, बघा, ते तोंड फिरवतंय’ असे खुणेकडे बोट दाखवणे अधिक परिणामकारक ठरते.

स्वाध्याय
१. ‘खाणे’ आणि ‘भरवणे’ यांतील कर्त्याचा फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. परिसरातील एका बाळाच्या जेवणाचे घरच्यांच्या संमतीने निरीक्षण करून भुकेच्या व तृप्तीच्या प्रत्येकी तीन खुणा नोंदवा.