आयफोन सोडून गॅलेक्सी घेताना नेमकं काय बदलतं?

डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलचे प्रमुख टिम कुक जपानमधल्या कुमामोतोला गेले होते. तिथून त्यांनी जाहीर आभार मानले ते सोनीचे. आयफोनच्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तो नखाएवढा तुकडा, दहा वर्षांहून अधिक काळ सोनीच्या साथीने घडतो आहे, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. सोनी स्वतःही फोन बनवते. पडद्याची गोष्ट तर याहून पुढची. २०१७ च्या आयफोन टेनमध्ये पहिल्यांदा ओलेड पडदा आला, तो सॅमसंगच्या डिस्प्ले कंपनीने बनवलेला होता. आजही आयफोनच्या पडद्यांचा मोठा पुरवठादार सॅमसंगच आहे. ‘सॅमसंग नको, आयफोनच हवा’ असं ठरवून दुकानातून बाहेर पडणाऱ्याच्या खिशातही बऱ्याचदा सॅमसंगचाच पडदा असतो.

आयफोन सोडून गॅलेक्सी घ्यावा का, किंवा गॅलेक्सी सोडून आयफोन, असा प्रश्न पडलेल्या प्रत्येकाने आधी या दोन्ही फोनच्या आत डोकावून पाहावं असं मला मनापासून वाटतं. लाखाच्या घरातली रक्कम मोजायची, तर आपण नेमकं काय बदलतो आहोत हे कळलं पाहिजे. आणि आत जे दिसतं ते इतकं विलक्षण आहे की खरेदी करायची नसली तरी पाहावं.

आयफोन १६ प्रो आणि गॅलेक्सी एस२५ अल्ट्रा ही जोडी घेऊ. पहिल्यात ए१८ प्रो ही चिप, दुसऱ्यात स्नॅपड्रॅगन ८ एलिट. आखणी वेगवेगळ्या कंपन्यांची, पण दोन्ही घडवणारी कंपनी एकच: तैवानची टीएसएमसी. या चिपांवरच्या सर्वांत सूक्ष्म रेषा कोरायला नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीचं यंत्र लागतं. त्या यंत्रात वितळलेल्या कथलाचे थेंब सोडले जातात, सेकंदाला सुमारे पन्नास हजार. प्रत्येक उडत्या थेंबावर लेझरचे दोन फटके बसतात. पहिल्याने थेंब चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी पट तप्त असा प्लाझ्मा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. हा प्रकाश हवेतही शोषला जातो आणि काचेतही. म्हणून सगळा कारभार निर्वातात चालतो, आणि भिंगांऐवजी जर्मनीच्या झाइस कंपनीचे आरसे वापरावे लागतात. बाजारात एकमेकांविरुद्ध उभे असलेले हे दोन्ही फोन याच प्रकाशातून जन्माला आलेले आहेत.

ॲपल आणि सॅमसंग कोर्टात भांडत होते तेव्हाही त्यांचं हे नातं सुटलं नव्हतं. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या ज्युरीने सॅमसंगने ॲपलला शंभर कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यावी असं सांगितलं. यादी सरकवत शेवटाला नेली की ती किंचित ताणली जाऊन परत मागे येते, ती हालचाल हा त्या खटल्यातला एक मुद्दा होता. खटला चालू होता त्या काळात आयफोनची चिप सॅमसंगच बनवून देत होती! भांडण मिटायला २०१८ उजाडलं.

मग फरक कुठे आहे? माझ्या मते सर्वांत खोल फरक फोटोत आहे, आणि तो भिंगात किंवा मेगापिक्सेलच्या आकड्यात शोधून सापडत नाही.

एस२५ अल्ट्राच्या मुख्य सेन्सरवर वीस कोटी पिक्सेल आहेत. एकेक पिक्सेल ०.६ मायक्रोमीटरचा. गडद लाल प्रकाशाची एक लाटही त्याहून लांब असते. इतक्या लहान खणात प्रकाश फार थोडा पडतो, म्हणून सोळा खण एकत्र करून त्यांचा एक मोठा खण मानतात आणि नेहमीचा फोटो बारा मेगापिक्सेलचा निघतो. आयफोनच्या सेन्सरवर खण कमी, पण प्रत्येक खण मोठा. दोन्हींत एक गोष्ट सारखी: या खणांना रंग कळत नाही. ते फक्त प्रकाश मोजतात. त्यांच्यावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. त्यांच्या मांडणीत एका लाल आणि एका निळ्या गाळणीमागे दोन हिरव्या असतात, कारण बारकावे टिपताना आपला डोळा हिरव्यावर जास्त विसंबतो. प्रत्येक ठिकाणी तीन रंगांपैकी एकच मोजला जातो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरतात. म्हणजे फोटोतली दोन तृतीयांश रंगमाहिती मोजलेली नसते, हिशेबाने काढलेली असते.

दिवाळीच्या संध्याकाळी आजी उंबऱ्याशी पणती ठेवतेय आणि तुम्ही फोन वर धरलात असं समजा. बटण दाबण्याआधीच फोन एकामागून एक चित्रं घेऊन तात्पुरती साठवू लागलेला असतो. बटणावर बोट पडताच त्यातली काही उचलतो, हवी तर आणखी काही घेतो, तुमच्या हाताच्या थरथरीनुसार ती एकमेकांवर नेमकी बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. अंधारातले दाणेदार ठिपके त्यामुळे विरतात. इथपर्यंत गणित. पुढे मात्र गणित पुरत नाही. पणतीची ज्योत आणि आजीच्या पाठीमागचा जिना यांच्या उजेडात प्रचंड अंतर आहे. जिना किती उजळायचा? ज्योतीमुळे चेहऱ्यावर आलेला पिवळसर रंग ठेवायचा की पुसून पातळ पांढरा करायचा? सुरकुत्या ठसठशीत करायच्या की मऊ? लुगड्याचा जांभळा होता तसाच ठेवायचा की थोडा चढवायचा?

या प्रश्नांना भौतिकशास्त्रात उत्तर नाही. कोणीतरी बसून, हजारो फोटो पाहून, ‘हे बरं दिसतं’ असं ठरवलेलं आहे. गॅलेक्सीचा कल मला उजळ आणि भरल्या रंगांकडे झुकलेला दिसतो, आयफोनचा जरा आवरलेला. तिसरा स्पर्धक गूगल. त्याने २०२१ मध्ये पिक्सेल ६ सोबत सावळ्या आणि काळ्या त्वचेचे रंग नीट यावेत म्हणून आपली प्रक्रिया मुद्दाम सुधारली आणि त्याला ‘रिअल टोन’ नाव दिलं. कॅमेरे दशकानुदशकं गोऱ्या त्वचेकडे पाहून जुळवले गेले होते, हे त्यामागचं कारण. आपल्या घरातल्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांसाठी ही गोष्ट मला मेगापिक्सेलहून कितीतरी महत्त्वाची वाटते. फोन बदलला की घरच्या आठवणींकडे पाहणारी नजर बदलते.

दुसरा फरक कुलपाचा. आयफोन तुमच्या चेहऱ्यावर तीस हजारांहून जास्त अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकून त्याचा उंचसखलपणा वाचतो. एस२५ अल्ट्रासारखे गॅलेक्सी फोन काचेखालून बोटावर अल्ट्रासाउंड सोडतात आणि रेषांवरून परतणाऱ्या ध्वनीतून ठसा ओळखतात. एक प्रकाशाने ओळखतो, दुसरा ध्वनीने. ही ओळख चिपच्या बंदिस्त कप्प्यात राहते, बॅकअपमध्येही जात नाही. त्यामुळे नवा फोन तुम्हाला अजिबात ओळखत नाही आणि ओळखूही नये.

बँकेचंही तसंच. यूपीआय ॲप नव्या फोनवर टाकलं की ते तुमच्या सिममधून एक एसएमएस पाठवायला लावतं. हा नंबर आणि हा फोन एकाच हातात आहेत याची ती खूण. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप तो स्वतः पाठवून टाकतं. आयफोनवर ॲपला तशी मुभाच नाही. न समजणाऱ्या अक्षरांचा मेसेज समोर उघडतो आणि पाठवायचं बटण तुम्हालाच दाबावं लागतं. एका बाजूचा भर सोयीवर, दुसरीचा माणसाच्या हातावर. दोन कंपन्यांचा स्वभाव मला या एवढ्याशा जागी सर्वांत स्वच्छ दिसतो.

अमेरिकेत लोकांना आयफोनला बांधून ठेवतं ते आयमेसेज, म्हणजे ॲपलची स्वतःची मेसेजसेवा. आपल्याकडे सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर, त्यामुळे ती गाठ सैल आहे. खरी गाठ मनगटावर असते: ॲपल वॉच अँड्रॉइड फोनला जोडता येत नाही आणि आताची गॅलेक्सी वॉच आयफोनला जोडता येत नाही. घरात मॅक, ॲपल वॉच असं सगळं जमलेलं असेल, तर निव्वळ चांगल्या झूमसाठी गॅलेक्सीकडे जाऊ नका. फोनवर व्हॉट्सॲप, यूपीआय, फोटो आणि व्हिडिओ एवढंच असेल, तर खुशाल जा. पण त्याआधी दुकानात दोन्ही फोनवर सोबतच्या माणसाचा एकेक फोटो काढा, त्याची पाठ दाराकडे ठेवून, म्हणजे चेहरा सावलीत आणि मागे ऊन. दोन्ही फोटो आपल्या जुन्या फोनवर मागवून शेजारी शेजारी ठेवून पाहा.

जायचं ठरलंच, तर व्हॉट्सॲपकडे पहिल्यांदा लक्ष द्या. आयफोनचा बॅकअप आयक्लाउडवर आणि अँड्रॉइडचा गूगलवर असतो, एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. २०२१ पासून आयफोनमधून सॅमसंगवर आणि २०२२ पासून अँड्रॉइडमधून आयफोनवर गप्पा नेता येतात, पण नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच हे काम उरकलेलं बरं. नंतर आठवलं तर बहुधा तो पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. आयफोन सोडत असाल तर सिम काढण्याआधी त्यातलं आयमेसेज बंद करा, नाहीतर इतर आयफोनवाल्यांचे काही मेसेज जुन्याच पत्त्यावर जात राहतील. आणि बँकेची सगळी ॲप्स नव्या फोनवर चालू झाल्याशिवाय जुना फोन पुसू नका.