पाचवीपासून बारशापर्यंत

हेइमाए बेटावर नदी नाही, ओढाही नाही. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर व्हेस्टमन बेटांचा पुंजका आहे आणि त्यातल्या या एकाच बेटावर माणसे राहतात. पावसाचे पाणी साठवून त्यांनी शतके काढली. मुख्य भूमीवरून समुद्राखालून नळ आला तो 1968 मध्ये. पोटासाठी कॉड मासा आणि कड्यांवरचे समुद्रपक्षी. लाकूड नसल्याने वाळवलेले पक्षीसुद्धा चुलीत जात. गवताळ ढेकळांच्या भिंतींची बुटकी, कोंदट घरे. जनावरे, राख, मासळी, सगळे दाराशीच.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे चारएकशे माणसे होती. जन्मणाऱ्या शंभर मुलांतली साठाहून अधिक पहिल्या दोन आठवड्यांतच दगावत. मूल धडधाकट जन्मे, चार दिवस नीट पिई. मग एका सकाळी त्याला तोंड उघडता येईनासे होई. दातखीळ बसे, आवाज झाला तरी अंग ताठ होई, पाठीची कमान होई. बेटावरचे लोक या दुखण्याला ‘गिंक्लोवी’ म्हणत. आपण धनुर्वात म्हणतो.

आपल्याकडे पाचवी पुजतात, सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते म्हणतात आणि बाराव्या दिवशी बारसे करतात. गिंक्लोवी मुले न्यायची ती बहुतेक याच दिवसांत. मी दोन गोष्टींची गाठ मारत नाही; पण नाव ठेवायला थोडे थांबावे असे आपल्या आज्या-पणज्यांना का वाटले असेल, याचा अंदाज येतो. नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले ते 2015 मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा.

आइसलँडच्या लुथरन लोकांचा हिशेब आपल्या उलट होता. मूल जगेल याचा भरवसा नाही, म्हणून बाप्तिस्मा उरकायची घाई. पाद्री जन्म लिही, बाप्तिस्मा लिही आणि थोड्याच दिवसांनी दफनही लिही. लिहिण्याची या देशाला जुनी खोड आहे. 1703 मध्येच त्यांनी एकूण एक माणसाचे नाव घेऊन शिरगणती केली. ती भरली 50,358. 1746 पासून चर्चच्या वह्या नेमाने ठेवण्याचा दंडक आला. एवढ्याशा देशातल्या बाळांच्या मृत्यूंचा अडीच शतकांचा आलेख आज काढता येतो तो या वह्यांमुळे. ओलोफ गार्दार्सदोत्तिर या आइसलँडच्या इतिहासकार. 1770 ते 1920 या काळात त्यांच्या देशातले बालमृत्यू कसे घटले, यावरचा त्यांचा प्रबंध 2002 मध्ये आला. तो अशाच नोंदींवर उभा आहे.

वहीतला आकडा कोपनहेगनपर्यंत पोचला, कारण आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. आधी बेटावर डॉक्टर नेमून पाहिले, पण मुले मरतच राहिली. 1847 मध्ये पेटर अँटोन श्लाइस्नर नावाचा, तिशीही न गाठलेला डॅनिश डॉक्टर आला. त्याने एक बाळंतघर उघडले. बाईने आपल्या घरात बाळंत न होता तिथे यायचे आणि बाळाचे पहिले दिवस तिथेच काढायचे. खोलीत हवा खेळती, कपडे धुतलेले, बाळाला अंघोळ. आणि नाळ पडेपर्यंत बेंबीला कोपैबा बाल्सम लावायचे; दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाचा हा राळेसारखा रस. बेटकऱ्यांनी त्याचे नाव ‘बेंबीचे तेल’ ठेवले. मृत्यू झपाट्याने उतरले आणि काही वर्षांत गिंक्लोवी जवळपास नाहीशी झाली.

गंमत अशी, की हे का होते आहे ते श्लाइस्नरला ठाऊक नव्हते. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे त्याचा संशय कोंदट, दूषित हवेवर होता. धनुर्वाताचा जंतू जपानी शास्त्रज्ञ कितासातोने वेगळा काढला तो 1889 मध्ये, म्हणजे चार दशकांनी. जंतूचे बीज मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे टिकते आणि कापलेल्या नाळेतून आत शिरते, हे त्या आधी कोण सांगणार? कारण चुकले, उपाय मात्र नेमक्या जागी बसला.

एकट्या डॉक्टरच्या नावावर हे श्रेय टाकायला मी तयार नाही. बेटावरची सोलवेग पाल्सदोत्तिर कोपनहेगनला जाऊन सुईणपण शिकून आली होती. नाळेला हात लागे तो अशा बाईचा. डॉक्टर लवकरच परत गेला, बाळंतघरही फार वर्षे चालले नाही. बायका पुन्हा घरीच बाळंत होऊ लागल्या आणि तरी मुले जगली, कारण रीत सुईणीबरोबर घरात शिरली होती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूतांकरवी बाळाची देखभाल थेट घरात नेली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरल्याचे दिसले. बंगांचा मार्ग वाचताना मला सोलवेग आठवते, श्लाइस्नर नव्हे.

आइसलँडी भाषेत सुईणीला ‘ल्योसमोधिर’ म्हणतात, म्हणजे प्रकाशाची आई. 2013 मध्ये तिथल्या लोकांनी आपल्या भाषेतला सर्वांत सुंदर शब्द म्हणून हाच निवडला.

बेटाबाहेरची कथा वेगळी. मुख्य भूमीवर गिंक्लोवीचे थैमान नव्हते, तरी 1850 च्या सुमारास हजारी अडीचशेहून अधिक मुले वर्षाची होण्याआधी जात. तिथला दोष दुधाचा. आया अंगावर पाजत नसत. गाईचे दूध पौष्टिक, ते घरात आहे आणि आईला कामाला जायचे आहे, असा विचार. पहिल्या दिवसापासून गाईचे दूध, कधी सायसुद्धा. अन्न चावून फडक्यात बांधून ती पुरचुंडी बाळाच्या तोंडात द्यायची. गरिबी हे सोपे उत्तर, पण इथे ते पुरत नाही. गोठ्यात गाय असलेल्या घरीही बाळे जात होती. 1875 मध्ये सुईणींचा कायदा झाला. शिकलेल्या सुईणी गावोगाव पोचू लागल्या, आयांना अंगावर पाजायला सांगू लागल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी आकडा शंभरीच्या आसपास आला. वीज आणि मोठी इस्पितळे अजून यायची होती. रेक्याविकचे राष्ट्रीय रुग्णालय उघडले 1930 मध्ये.

पुढचा उतार सर्वांना ठाऊक असलेल्या वाटेने झाला: प्रतिजैविके, इस्पितळातली बाळंतपणे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काचपेट्या. युनिसेफने 2018 मध्ये जगातल्या नवजात मृत्यूंची क्रमवारी मांडली, तेव्हा आइसलँडमध्ये हजार बाळांतले एक पहिल्या महिन्यात जात होते. त्याच्या पुढे फक्त जपान होते. पाकिस्तानात हे प्रमाण बाविसात एक.

आता तिथल्या संख्याशास्त्रज्ञांची अडचण वेगळीच आहे. देशात वर्षाला चार-साडेचार हजार मुले जन्मतात, म्हणजे महिन्याच्या आत जाणारी चार-पाच. एखाद्या वर्षी एका बाईला दिवस पुरे होण्याआधी जुळी झाली आणि दोन्ही गेली, तर देशाची रेघ एकदम वर उडी घेते. पुढच्या वर्षी ती आपोआप खाली येते आणि त्यात कोणाचे कर्तृत्व नसते. म्हणून एका वर्षाचा आकडा एकटा वाचता येत नाही, पाच-दहा वर्षांची सरासरी काढावी लागते. हेइमाएच्या पाद्र्याला तशी गरज पडली नव्हती.