नाताळच्या मेणबत्त्या आम्ही कशा करतो

दिवाळी संपली की तुमच्या घरी फराळाचे डबे रिकामे होतात. आमच्यात मात्र त्याच वेळी मेणाच्या लाद्या येऊन पडतात. कारण दिवाळीनंतर दोन महिन्यांनी नाताळ असतो. नाताळाला मेणबत्त्या लागतात. त्या आमच्या सोप्यात तयार होतात. त्या कशा करतात आणि मेणबत्ती मधेच का विझते, हे मी या लेखात सांगणार आहे. शेवटी माझी एक चूकही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय लेख पुरा होत नाही.

आमचे गाव मिरज तालुक्यात आहे. आईचा दहा बायकांचा महिला बचत गट आहे. त्यातल्या चौघीजणी मेणबत्त्या करतात. "आपल्या गावात नाताळ कोण करतंय?" असे मला वर्गातल्या एका मुलाने विचारले. गावात कोणी करत नाही, पण मिरजेला करतात. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिशनचे हॉस्पिटल सुरू केले. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, ती त्यांच्याच नावाची. मिरजेत पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे राहतात. त्यांच्यातल्या एक सिस्टरमावशी आईच्या ओळखीच्या आहेत. माझा जन्म झाला तेव्हापासूनची ओळख आहे. त्यांच्या चर्चमध्ये २४ डिसेंबरला रात्री सगळे लोक हातात मेणबत्ती घेऊन गाणी म्हणतात. एकाच्या मेणबत्तीवर दुसऱ्याची पेटवतात. त्या हातात धरायच्या मेणबत्त्या आमच्या गटाच्या असतात.

आता कृती सांगते.

साहित्य : पॅराफिन मेण, स्टिअरिक ॲसिड, विणलेली सुती वात, ॲल्युमिनियमचा साचा, गोडे तेल, दोन पातेली, जाड कागदाच्या चकत्या. स्टिअरिक ॲसिड नावाने भ्यायचे कारण नाही. ते पांढरे आणि मेणासारखेच असते. त्याने मेणबत्ती कडक होते, पांढरीशुभ्र दिसते आणि साच्यातून पटकन सुटते. आम्ही ९०० ग्रॅम मेणाला १०० ग्रॅम घालतो.

मेण चुलीवर किंवा गॅसवर कधीही नुसते ठेवायचे नाही. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचे आणि त्यात मेणाचे डेचके ठेवायचे. मेण साधारण ६० अंशाला वितळते आणि पाणी १०० अंशाच्या वर जात नाही, म्हणून मेण फार तापत नाही. नुसत्या जाळावर ते तापत तापत पेट घेते. पेटलेल्या मेणावर पाणी टाकले तर भडका उडतो. तेव्हा पाणी टाकायचे नाही, गॅस बंद करून वर झाकण टाकायचे. आई जवळ एक झाकण आणि वाळूची बादली घेऊनच बसते. ओतायचे काम मोठ्यांचे. आम्हा पोरांना तिथे उभेसुद्धा राहू देत नाहीत.

साच्याला आतून तेलाचा हात फिरवतात. मग प्रत्येक नळीतून वात ओवून ताणून बांधतात. वात ताठ नसली तर ती मेणबत्तीच्या मधोमध बसत नाही. मग मेणबत्ती एका बाजूने जळते आणि मेण हातावर ओघळते. वात ओवायचे काम माझे, कारण माझी बोटे बारीक आहेत. मग साचा आवळून मेण ओततात. गार होताना मेण आकसते आणि वर खड्डा पडतो. म्हणून थोडे मेण शिल्लक ठेवून परत ओततात. साचा साध्या पाण्याच्या घमेल्यात ठेवतात. एकदम बर्फाच्या पाण्यात ठेवला तर मेणबत्तीला चिरा जातात. आमच्या साच्यातून एका वेळी २४ मेणबत्त्या निघतात. एकेक मेणबत्ती २५ ग्रॅमची, १५ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर जाड असते.

दादाने एकदा लाल मेणबत्ती करायला रांगोळीचा रंग टाकला होता. तो सगळा तळाशी बसला. मेणाला तेलात विरघळणारा रंग लागतो. न विरघळलेला रंग वातीत अडकतो आणि मेण वर चढू देत नाही.

मेणबत्त्या महाबळेश्वरलाही होतात. सातारा जिल्ह्यात माझी मावशी राहते. मे महिन्याच्या सुटीत तिने आम्हाला महाबळेश्वरला नेले. तिथे श्री. भावेश भाटिया यांचा सनराइज कँडल्स हा उद्योग आहे. तो १९९४ साली सुरू झाला. भाटिया हे स्वतः अंध आहेत. सुरुवातीला ते हातगाडीवर मेणबत्त्या विकत होते. आता त्यांच्याकडे पुष्कळ अंध माणसे मेणबत्त्या करतात. हे ऐकून मी घरी आल्यावर डोळ्याला फडके बांधून वात ओवून बघितली. चार नळ्यांना मला अर्धा तास लागला. मला रडूच आले. रडण्याचे कारण दुसरेही होते, ते आता सांगते.

गेल्या वर्षी चर्चची २०० मेणबत्त्यांची ऑर्डर होती. शेवटच्या साच्याच्या वेळी वातीचे रीळ संपले. रात्र झाली होती. आई आणि काकू मेण बघत होत्या. मी गुपचूप आजीचा गोधडी शिवायचा दोरा घेतला आणि तोच ओवला. वरून दिसायला सगळे सारखेच होते. २४ मेणबत्त्या त्या दोऱ्याच्या निघाल्या आणि बाकीच्यांत मिसळल्या.

नाताळ झाल्यावर सिस्टरमावशी करंज्या आणि केक घेऊन आल्या. जाताना हळूच म्हणाल्या, "काही मेणबत्त्या पेटल्या आणि लगेच विझल्या. लहान मुलं हिरमुसली." आईचा चेहरा उतरला. तिने २४ मेणबत्त्यांचे ८ रुपयांप्रमाणे १९२ रुपये परत दिले. गटातल्या बायका म्हणाल्या, मेणच खराब लागले. म्हणून दिवाळीसाठी २० किलो मेण मिरजेऐवजी सांगलीहून आणले. तिथे किलोमागे १० रुपये जास्त पडले. म्हणजे आणखी २०० रुपये गेले. मिरजेच्या दुकानदाराचा काही दोष नव्हता. मला सगळे ठाऊक होते, खरं मी बोलले नाही.

दिवाळीच्या सुटीनंतर गुरुजींनी वर्गात मेणबत्तीचा पाठ घेतला. त्यांनी सांगितले, इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. ते लोहाराचे पोर. लहानपणी पुस्तके बांधायच्या दुकानात कामाला होते. त्यांनी १८६० च्या नाताळच्या सुटीत लंडनला मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. सहाही व्याख्याने एका मेणबत्तीवरच! आम्हाला वाटले, मेणबत्तीवर एवढे काय बोलायचे?

मग गुरुजींनी मेणबत्ती पेटवली, थोडा वेळ जळू दिली आणि फुंकर मारली. पांढरा धूर निघाला. त्यांनी जळती काडी वातीला न लावता वरच्या धुराला लावली. ज्योत धुरातून खाली उडी मारून वातीवर बसली! सगळा वर्ग ओरडला. गुरुजी म्हणाले, "तो धूर म्हणजे मेणाची वाफच. मेण घट्ट असताना पेटत नाही. उष्णतेने ते वितळते, वातीतून वर चढते, वर त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते." पावसाच्या पाण्यात फडक्याचे टोक बुडाले तर ओल वर चढते, तसेच मेण वातीतून चढते.

मग गुरुजींनी विचारले, "वात बारीक असली तर काय होईल?" कोणाला सांगता येईना. गुरुजींनीच सांगितले, "बारीक वातीतून मेण कमी चढते. ज्योत लहान राहते. भोवती वितळलेले मेण तिला संपत नाही. मग मेणाचे तळे साठते आणि वात त्यात बुडून विझते. वात फार जाड असली तर ज्योत मोठी होते, काजळी धरते आणि मेण ओघळते. म्हणून मेणबत्तीच्या जाडीप्रमाणे वात लागते." विणलेल्या वातीचे आणखी एक आहे. ती जळताना बाजूला वाकते. तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जाते. म्हणून ती सारखी कातरावी लागत नाही. पिळाचा दोरा तसा वाकत नाही.

मी मान खाली घालून बसले होते. मला वाटले, गुरुजींना माझे कळले की काय!

त्या दिवशी रात्री मी आईला सांगितले. आई मारेल असे वाटत होते. ती काहीच बोलली नाही. तिने फळीवरची गेल्या वर्षीची परत आलेली एक मेणबत्ती काढून पेटवली. आम्ही दोघी बघत बसलो. ज्योत हरभऱ्याएवढी होती. भोवती मेणाचे तळे झाले आणि ती बुडून विझली. अंधारात आई म्हणाली, "अगं, वात संपली म्हणून नुसतं हाक मारायची होतीस. उद्या बायकांना तूच सांग."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांपुढे सांगितले. एक काकू रागावल्या. आजी म्हणाली, "पोरीनं आपणहून सांगितलं न्हवं? आता पुढचं बगा." आई मिरजेच्या दुकानात मला घेऊन गेली आणि तिथेही सांगायला लावले. दुकानदारकाका हसले आणि म्हणाले, "आता वातीचं रीळ दोन ने." आम्ही दोन घेतले.

या वर्षी सिस्टरमावशींनी ३०० मेणबत्त्या सांगितल्या आहेत. पण आधी दहा मेणबत्त्या आणून द्या, त्या आम्ही जाळून बघू, मग बाकीच्या, असे त्या म्हणाल्या. ते बरोबरच आहे.

आता हिशोब ऐका. तो मी गुरुजींकडून तपासून घेतला आहे. मेण किलोला १४० रुपये आणि स्टिअरिक १८० रुपये पडले. एक किलो मिश्रणाचे १४४ रुपये होतात. त्यात ४० मेणबत्त्या होतात. म्हणजे एकीला ३ रुपये ६० पैशांचे मेण लागते. वात ५० पैसे, चकती ३० पैसे, गॅस ६० पैसे. एकूण ५ रुपये. विकतो ८ रुपयांना. नफा ३ रुपये. तीनशेचे ९०० रुपये.

आता आम्ही प्रत्येक साच्यातली एक मेणबत्ती जाळून बघतो. तेरा साचे केले तर ३१२ होतात. त्यातल्या १३ जाळल्या तर २९९ उरतात, एक कमी पडते! म्हणून चौदा साचे करायचे. जाळलेल्या चौदांचे ७० रुपये जातात. ९०० मधून ७० गेले, ८३० राहिले. चौघीजणी तीन संध्याकाळी बसल्या तर एकीला एका संध्याकाळचे साधारण ६९ रुपये पडतात. गुरुजी म्हणाले, "म्हणजे तुमची मजुरीच नफ्यात धरलीय." आईला हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, पुढच्या वर्षी नऊ रुपये सांगू. मोडलेल्या मेणबत्त्या मात्र वाया जात नाहीत. वात काढून मेण परत वितळवता येते.

नाताळच्या तयारीचे आमचे वेळापत्रक असे आहे. नोव्हेंबरमध्ये मेण आणि वात आणायची. काही घरांत नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती लावतात. त्या जाड मेणबत्त्या नोव्हेंबर संपायच्या आत द्यायच्या. हातातल्या मेणबत्त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करायच्या. १५ तारखेच्या आत त्या मिरजेला पोचवायच्या. एसटीत पेटी उन्हाच्या खिडकीजवळ ठेवायची नाही. मेण वितळायच्या आधीच मऊ पडते आणि मेणबत्त्या वाकतात. पेटीत आडव्या ठेवून मध्ये कागद घालायचा.

परवा नमुन्याच्या दहा मेणबत्त्या दिल्या. त्याच साच्यातली अकरावी आम्ही घरी पेटवली. मी आणि आजी तिच्यापुढे बसलो. ती साडेतीन तास जळली आणि एकदाही बुडाली नाही. काल सिस्टरमावशींचा फोन आला, "चांगल्या आहेत, बाकीच्या करा."

बालमित्रांनो, मेणबत्ती वरून बघून चांगली की वाईट ते कळत नाही. वात आत असते. ती पेटवल्यावरच कळते. २४ तारखेला रात्री मिरजेत ३०० मेणबत्त्या पेटतील. त्या सगळ्यांची वात मीच ओवली आहे. त्या रात्री मला झोप येणार नाही असे वाटते.