स्वल्पविरामानें केलेला घोटाळा

संगणकाचा हिशेब कधीं चुकत नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे; परंतु आंकडा त्यास कोणत्या रूपानें मिळतो, यावर सारें अवलंबून असतें. आम्ही एक उदाहरण घेतों.

समजा, आमच्या शाहूवाडी तालुक्यांतील एका दूधसंस्थेनें जमाखर्चाचें वेबपान केलें. वाचावयास सोपें जावें म्हणून त्यांत ‘1,25,000’ व ‘75,000’ अशा रकमा दाखविल्या. बेरीज दोन लाख यावी. पण उत्तर आलें ७६!

असें कां व्हावें? ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं रचलेल्या जावास्क्रिप्ट भाषेंत पडद्यावरील रक्कम ही संख्या नसून अक्षरांची माळ असते. ‘पार्सफ्लोट’ ही आज्ञा ती माळ डावीकडून वाचते व स्वल्पविराम भेटतांच थांबते. म्हणून सव्वा लाखाचा १ व पाऊण लाखाचे ७५ उरले. ‘नंबर’ ही आज्ञा अधिक कडक. ती ‘ही संख्या नव्हे’ असें स्पष्ट कळविते. देवनागरी आंकडे तर या दोहींसही ओळखतां येत नाहींत.

यास उपाय काय? बेरजेपूर्वीं सर्व स्वल्पविराम काढावे. एकच काढल्यास सव्वा लाखाचे १२५ होतील. त्याहून उत्तम मार्ग असा कीं, मूळ संख्या साधीच जपून ठेवावी व स्वल्पविरामांचा पेहराव केवळ दाखवितांना चढवावा.

विद्यार्थिमित्रहो, त्या रकमेमागें शेतकऱ्याचे कष्ट असतात. म्हणून उत्तर येतांच तोंडी अदमास घेण्याची जुनी संवय सोडूं नका.